एकाच फोटोतले दोन वैमानिक

१९९७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांचा मेळावा भरला होता. त्याची खबर लागताच हर्ब हाईलब्रन नावाचे पंचाहत्तरी ओलांडलेले एक गोरे गृहस्थ तिथे गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या तळावरून त्यांनी बी-१७ जातीच्या अवजड बॉम्बफेकी विमानातून ३५ मोहिमा केल्या होत्या. अशा विमानात दहा माणसे असत. जर्मन विमाने झडप घालत तेव्हा लाल शेपटीची लढाऊ विमाने त्यांच्या संरक्षणाला येत. ती चालवणारी मुले काळी होती. त्यांचे आभार मानायचे हाईलब्रन यांचे राहून गेले होते. मेळाव्यात त्यांना जॉन लीर भेटले. हाईलब्रन यांनी त्यांना कडकडून मिठी मारली.

आता हे लाल शेपटीवाले कोण? काळा माणूस विमान चालवूच शकत नाही, असे अमेरिकन लष्कर मानत असे. १९२५ साली लष्कराच्या एका अहवालाने काळ्यांची बुद्धी आणि धैर्य दोन्ही कमी ठरवले होते. आपल्या वाचकांना ही भाषा नवी नाही. १९४१ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे त्यांना प्रशिक्षण सुरू झाले, तेही गोऱ्यांपासून वेगळे. पुढच्या पाच वर्षांत सुमारे ९९२ वैमानिक तयार झाले. त्यांचे प्रमुख बेंजामिन डेव्हिस हे वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयात चार वर्षे होते, पण गोऱ्या विद्यार्थ्यांनी कामापुरते सोडून त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही असे ठरवले होते. आपल्या गावाकडे याला वाळीत टाकणे म्हणतात. डेव्हिस १९३६ साली पदवी घेऊनच बाहेर पडले.

ह्या पथकाने एकही बॉम्बफेकी विमान शत्रूच्या हाती लागू दिले नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पुढच्या संशोधनात पंचवीसच्या आसपास विमाने गेल्याचे दिसले. इतर पथकांच्या मानाने तोही आकडा कमीच, तेव्हा वाढवून सांगायची गरजच नव्हती. लीर यांनी एकट्याने १३२ मोहिमा केल्या.

दोघांनी आपापल्या नोंदी पडताळून पाहिल्या. डिसेंबर १९४४ मधल्या मोहिमांत हाईलब्रन यांच्या विमानांच्या संरक्षणाला खरोखरच लीर होते! पण खरी गंमत पुढेच. दोघे एकाच शहरात, एकाच भागात वाढलेले. हाईलब्रन यांनी शाळेचा जुना फोटो शोधून काढला, १९२८ सालचा, तिसरीच्या वर्गाचा. वर्गात काळी मुले दोनच. त्यातला एक त्यांच्या अगदी जवळ उभा होता. तोच जॉन!

म्हणजे एका वर्गात शिकलेली दोन मुले एकाच आकाशात लढली, आणि त्यांची ओळख व्हायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. याला आम्ही योगायोग म्हणत नाही. भेट योगायोगाची असेल. ताटातूट मात्र माणसांनी नियम करून घडवलेली होती. आपल्या बाबासाहेबांना तर वर्गात गोणपाटावर वेगळे बसावे लागले. इथे मुले शेजारी उभी असूनही लांबच राहिली.

तेच १९४१ साल आपल्या घरांतही आठवले जाते. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात थोडी उघडली, पुन्हा मिटली. बाबासाहेबांनी संरक्षण सल्लागार समितीत बसून पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य मांडले. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. अमेरिकन सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा हुकूम त्यानंतर, २६ जुलै १९४८ रोजी निघाला.

लीर आणि हाईलब्रन पुढे जिवाभावाचे मित्र झाले. शाळाशाळांतून दोघे जोडीने बोलायला जाऊ लागले. लीर आपण सोसलेले सांगत. आपल्या वर्गमित्राच्या वाट्याला काय आले होते, हे हाईलब्रन यांनाही तेव्हाच कळले.