पट्ट्याला वयाची आडकाठी कशाला?



मागच्या महिन्यात आमच्या एका बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "लेकीला कराटेच्या वर्गाला सोडायला जायचे, तर मीही शिकायला लागले. पिवळा पट्टा मिळाला. आता सर म्हणतात, पुढची परीक्षा तुमच्या वयाला झेपायची नाही. बेचाळिसाव्या वर्षी माणूस संपतं का हो?" बाकीच्या बायका हसल्या. ताई काही हसल्या नाहीत. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी पट्टा म्हणजे काय, ते बघू. ज्युदो सुरू करणारे जपानचे जिगोरो कानो यांनी शिकणाऱ्यांसाठी पायऱ्या ठरवल्या. पुढे कराटेनंही ती पद्धत घेतली. पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात, मग रंग बदलत काळ्यापर्यंत. काळ्याच्या पुढच्या पायऱ्यांना 'दान' म्हणतात. पट्टा सांगतो तो एवढंच, की या माणसाला इथपर्यंतचं येतं.

आता वयाची अट. ती दोन तऱ्हेची असते. एक खालची. तायक्वांदोमध्ये पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना 'दान' देत नाहीत, त्याऐवजी 'पूम' देतात. बांबूच्या तलवारीच्या केंदो या खेळात आठव्या दानच्या परीक्षेला बसायला वय किमान 46 लागतं. यामागं कारण आहे. वरची पायरी म्हणजे नुसती ताकद नव्हे. त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, समज लागते. म्हणजे बघा, तिथं वय वाढलेलं असणं हीच अट आहे!

दुसरी अट वरची. "अमुक वयानंतर पुढं जायचं नाही." हिला मात्र मला कारण सापडत नाही. जपानच्या केइको फुकुदा 1935 साली कानोंकडे ज्युदो शिकायला लागल्या. पाचव्या दानवर त्या कित्येक वर्षं अडकून राहिल्या, कारण बाईला त्याच्या वर जाऊ देत नव्हते. त्यांनी शिकणं आणि शिकवणं सोडलं नाही. शेवटी 2011 मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावा दान दिला. तेव्हा त्यांचं वय होतं 98. अडवलं होतं ते नियमानं, अंगानं नव्हे.

एवढं लांब कशाला जायचं? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या रस्त्यावर दोन्ही हातांनी काठी फिरवणाऱ्या 85 वर्षांच्या शांताबाई पवार तुम्ही मोबाईलवर पाहिल्या असतील. पोटासाठी त्या खेळ करत होत्या. पुढं त्यांच्यासाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला.

पण मैत्रिणींनो, सरांचं सगळंच चूक नाही. गुडघे दुखतात, रक्तदाब असतो, साखर असते. त्याकडं डोळेझाक करून उड्या मारल्या तर खाट धरावी लागेल. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि "बाई वयस्कर आहे, देऊन टाका पट्टा" असंही नको. न येता मिळालेला पट्टा म्हणजे नुसती कापडाची पट्टी. रात्रीच्या वाटेवर तो उपयोगी पडणार नाही.

मग मधला रस्ता काय? लाथ डोक्याइतकी उंच जात नसेल तर कमरेइतकी घ्यावी, पण तोल, नेम आणि जोर नीट तपासावा. लढतीला जोडी वयाची आणि वजनाची बघून लावावी. दम लागला तर मध्ये विसावा द्यावा. परीक्षा कसून घ्यावी, पण जन्मतारीख बघून दार लावू नये.

आषाढात माउलींची पालखी आपल्या माळशिरसला मुक्कामाला येते. सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून चालत आलेल्या असतात. त्यांना कुणी वय विचारून मागं पाठवत नाही. चालवेल तेवढं त्या चालतात, बसतात, पुन्हा उठतात.

आमच्या ताईंबरोबर गटातल्या दोघी जाऊन सरांना भेटणार आहेत. मागणं एकच आहे: सूट नको, परीक्षा घ्या. नापास झाल्या तर सहा महिने सराव करून पुन्हा बसतील. तुमच्या गावात असा वर्ग असेल तर लेकीला सोडून दारातून परत फिरू नका. चपला काढा आणि आत जा.