नळापासून ओठांपर्यंत : पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता

मृगाच्या सरी सुरू झाल्या की सीमाभागातील बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप पालटते. सर्दी-खोकल्याची मुले मागे पडतात आणि जुलाब, उलट्या, कावीळ व मुदतीचा ताप यांची रांग लागते. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी; गावे निराळी असली तरी चित्र एकच. अशा वेळी मुलाच्या आईला मी नेहमी एक प्रश्न विचारतो, ‘घरी पाणी कुठले पिता?’ या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे का आहे, हे येथे सांगावयाचे आहे.

पाणी उगमापाशीच बिघडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती काही अंशी खरी आहे. भीमा नदी कलबुर्गी जिल्ह्यात येते ती पुण्याकडील सांडपाणी पोटात घेऊन, उजनी आणि पंढरपूरमार्गे. परंतु जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन निघालेले पाणीदेखील वाटेत पुन्हा दूषित होऊ शकते, याकडे आपले दुर्लक्ष होते. आपल्या भागातील अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी बंद झाले की जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो. वाहिनीशेजारून गटार वाहत असेल आणि सांधा सैल असेल, तर बाहेरचा मैला आत झिरपतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, त्यामुळे सांध्यांवर ताण येतो. नळाला थेट विद्युत मोटार जोडली की वाहिनीतील दाब आणखी घटतो व घाण ओढली जाते. पाणी सोडल्यानंतरचा पहिला लोट म्हणूनच सर्वांत धोक्याचा असतो. तो पिण्यासाठी कधीही भरू नये.

हा केवळ तर्क नव्हे. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी, धारवाड, बेळगाव आणि आपले कलबुर्गी (तेव्हाचे गुलबर्गा) या शहरांतील निवडक भागांत २००८च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू करण्यात आला. पुढे हुबळी-धारवाड येथे अखंड पुरवठ्याच्या व खंडित पुरवठ्याच्या वस्त्यांची तुलना करणारा अभ्यास झाला व तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. अखंड पुरवठा असलेल्या घरांत विषमज्वराचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. गरीब कुटुंबांतील लहान मुलांमध्ये रक्ती हगवणही एक-तृतीयांशाहून अधिक कमी होती. साध्या जुलाबांचे एकंदर प्रमाण मात्र फारसे घटले नाही. जुलाबाचे जंतू न धुतलेल्या हातांतून, माश्यांतून, उघड्या अन्नातून आणि घरातल्या उघड्या भांड्यातूनही पोटात जातात, हे लक्षात घेतले म्हणजे याचे आश्चर्य वाटत नाही. नळ सुधारला तरी घरातील काम शिल्लक राहते.

केवळ पाण्याची काळजी घेऊन रोग हद्दपार करता येतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. नारूवर ना लस होती, ना खात्रीचे औषध. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत हा रोग होता. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, त्याच्या पायाच्या फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात मिसळत आणि तेच पाणी गाव पीत असे. पायऱ्या बुजविणे, पाणी दुपदरी फडक्याने गाळणे, विहिरीत टेमेफॉस टाकणे आणि रुग्ण शोधून काढणे, एवढ्यावर १९८०च्या दशकात मोहीम उभी राहिली. जुलै १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि फेब्रुवारी २०००मध्ये देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

जेथे अजून विहिरीचे पाणी पितात तेथे ब्लीचिंग पावडरीचे प्रमाण माहीत असणे आवश्यक आहे. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर पाणी सुमारे २८,००० लिटर होते. त्यास ७० ग्रॅम पावडर पुरे. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा व वरचे पाणी विहिरीत नीट मिसळावे. त्यानंतर तासभर कोणी पाणी भरू नये. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर उडून जातो. नळाच्या पाण्यात, विशेषतः शेवटच्या घरी, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. साथीच्या काळात ते ०.५ ठेवावे.

घरातील नियम सोपे आहेत. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे. माठ झाकलेला असावा आणि त्यास तोटी असावी. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. पेला धरलेला हात माठात बुडाला की शुद्धीकरणाचे सारे श्रम वाया जातात. शुद्ध पाण्याच्या केंद्रावरून कॅन आणणाऱ्यांनीही सावध असावे. आरओ यंत्र क्षार काढते, परंतु त्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. कॅन अस्वच्छ असेल तर जंतू वाढावयास वेळ लागत नाही. मुलास जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस जस्त द्यावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर क्षणाचाही विलंब करू नये.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांचे पत्ते नकाशावर मांडले व एका हातपंपाकडे बोट दाखविले. त्या वेळी कॉलऱ्याच्या जंतूची वैद्यकविश्वाला ओळखही पटली नव्हती. आपल्या प्रत्येकाच्या केस पेपरवर रुग्णाचे नाव व वय असते. गल्ली आणि पाण्याचा स्रोत मात्र क्वचितच असतो. हे दोन रकाने आपण वाढवू या. एकाच गल्लीतून दोन-तीन दिवसांत तीन मुले सारख्याच लक्षणांनी आली, तर चौथ्याची वाट न पाहता आरोग्य खात्यास व नगरपालिकेस वा ग्रामपंचायतीस कळवावे. एका दवाखान्यात आलेली तीन मुले सामान्य घटना वाटते. चार दवाखान्यांतील नोंदी एकत्र आल्या की फुटलेली जलवाहिनी सापडू शकते. आपल्या संघटनेच्या मासिक बैठकीत पावसाळ्याचे चार महिने या नोंदींसाठी दहा मिनिटे राखून ठेवली, तर कित्येक मुलांना सलाईनची सुई टोचण्याची वेळच येणार नाही.