विश्रामबागवाडा : टपाल कचेरी, नक्षीची दर्शनी बाजू आणि १८७९ची आग

नारायण पेठेपासून पूर्वेकडे थोड्याच अंतरावर, थोरल्या बाजीराव रस्त्यावर उभा असलेला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचे निवासस्थान म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र याच वाड्याच्या तळमजल्यावर दीर्घकाळ टपाल कचेरी चालली आणि पेशव्यांच्या नक्षीदार कमानींखालून पुण्याच्या पेठांमधील माणसे तिकिटे, मनीऑर्डरी आणि नोंदणीची पत्रे घेऊन ये-जा करीत राहिली, या गोष्टीकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले आहे. टपाल कचेरीच्या भिंती कलेने सजवाव्यात हा विचार अमेरिकेत १९३४नंतर सरकारी धोरण म्हणून राबवला गेला. तेथील अर्थखात्याने नव्या इमारतींच्या खर्चाचा सुमारे एक टक्का भाग कलेसाठी राखून हजाराहून अधिक गावांच्या टपाल कचेऱ्यांत भित्तिचित्रे आणि शिल्पे करवून घेतली. पुण्यात असे काही ठरवून झाले नाही, कारण येथे कला आधीच भिंतीवर होती आणि टपाल तिच्या आश्रयाला आले.

मराठा वास्तुकलेत भिंत सजवण्याच्या दोन रीती विशेष रुजल्या होत्या. चुन्याचा गिलावा वाळल्यावर त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या खनिज रंगांनी चित्रे काढण्याची रीत मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात, वाईच्या मोतीबागेत आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात आजही पाहता येते. दुसरी रीत लाकडाची, आणि १८०७च्या सुमारास, सुमारे दोन लाख रुपये खर्चून पूर्ण झालेल्या विश्रामबागवाड्याची कीर्ती मुख्यतः तिच्यावरच उभी आहे. तळाशी फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, केळीच्या कोक्याप्रमाणे खाली झुकणारी केळफुले, आणि प्रवेशद्वारावर पुढे झेपावलेली मेघडंबरी, म्हणजे छत्रीसारखे छत असलेला सज्जा, हे सारे रस्त्याच्या बाजूला आहे. चित्रे दिवाणखान्यात, निमंत्रितांसाठी असत. ही नक्षी मात्र वाटसरूलाही पाहता येई, आणि या अर्थाने तिला पुण्याचे सार्वजनिक भित्तिचित्र म्हणणे योग्य ठरते.

पेशवाई संपल्यावर १८२१मध्ये कमिशनर चॅप्लिन याने या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि तिच्या खर्चासाठी दक्षिणेचा, म्हणजे पेशवे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी वाटत असलेल्या रकमेचा, काही भाग लावला. या पाठशाळेतूनच इंग्रजी शाळेच्या जोडीने १८५१मध्ये पूना कॉलेज आणि पुढे डेक्कन कॉलेज आकारास आले. यानंतरच्या शाळा आणि कचेऱ्यांची यादी लांबलचक असली, तरी वाड्याच्या इतिहासातील निर्णायक घटना १३ मे १८७९च्या रात्रीची आहे.

त्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्ही पेशवेकालीन वास्तूंना आग लागली. बुधवारवाडा भस्मसात झाला आणि विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड फेब्रुवारीपासून चालू होते आणि फडके अद्याप सापडले नव्हते, त्यामुळे आगीचा संबंध बंडाशी आणि बंडाचा संबंध पुण्यातील सुशिक्षितांशी जोडण्यास सरकारला वेळ लागला नाही. संशयाची सर्वांत जड सावली न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांच्यावर पडली. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यास आलेल्या रानड्यांना सुटी संपण्याची वाट न पाहता धुळ्यास हजर होण्याचा हुकूम मिळाला.

धुळ्यात जे घडले त्याचा मोलाचा पुरावा त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या १९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात आहे. रानड्यांचे टपाल वाटेतच फोडून वाचले जाई आणि मग त्यांच्या हाती पडे; शिवाय बंडवाल्यांच्या नावाने कटाचा मजकूर असलेली पत्रे त्यांच्याकडे येत, आणि ती ते जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून देत. संशय फिटल्याचे पुढे डॉ. पोलन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना स्वतःच सांगितले. आगीचा उलगडा तर फारच क्षुद्र निघाला: बुधवारवाड्यातील सरकारी पुस्तक भांडारात अफरातफर झाली होती आणि ती लपवण्यासाठी तेथील एका कारकुनाने हे कृत्य केले होते. त्याचे आडनावही रानडे असावे, हा विलक्षण योगायोग होय. एका कारकुनाच्या चोरीचे प्रायश्चित्त एका न्यायाधीशाला आपल्या खासगी पत्रव्यवहाराने भोगावे लागले, आणि हा अन्याय कितीही सौम्य शब्दांत सांगितला तरी अन्यायच राहतो. टपाल अडवण्याचा अधिकार पुढे १८९८च्या टपाल कायद्याच्या २६व्या कलमात नोंदला गेला. नारायण पेठेतील गायकवाडवाड्यातून निघणारा ‘केसरी’ ज्या टपालाने गावोगाव पोचत होता, त्याच टपालावर सरकारची ही नजर होती.

विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग लोकवर्गणी आणि नगरपालिका यांच्या पैशातून पुन्हा उभा राहिला. आज जी वास्तू केवळ पेशव्यांची म्हणून दाखवली जाते, तिच्यात पुणेकरांनी पदरचे घातलेले द्रव्यही आहे, ही गोष्ट मार्गदर्शक फलकांवर ठळकपणे लिहिली गेली पाहिजे. वाड्यात नंतर नगरपालिकेचा कारभार चालला, टपाल कचेरी आली, पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शनही मांडले गेले. यांपैकी टपाल कचेरीचे स्थान वेगळे आहे, कारण प्रदर्शन पाहण्यासाठी सवड काढून यावे लागते, टपालाच्या खिडकीशी मात्र ज्याला पत्र पाठवायचे आहे असा कोणीही येतो. पेशव्याने स्वतःसाठी घडवलेली नक्षी या ये-जा करणाऱ्यांमुळे लोकांची झाली, आणि म्हणूनच जुन्या वाड्यांच्या जतनाचे आराखडे आखताना लाकूड, चुना आणि रंग यांच्याइतकाच लोकांच्या नित्याच्या कामाचाही विचार होणे आवश्यक आहे. ज्या वाड्यात कोणाचेच काम उरत नाही, त्याच्या दुरुस्तीसाठी वर्गणी द्यायलाही कोणी पुढे येत नाही.