गोदामात चाळीस, विकायला पंचवीस

समजा, कोल्हापुरातल्या एका पंपविक्रेत्याच्या गोदामात ४० पंप आहेत. सांगलीच्या दुकानदाराचा फोन येतो, ‘१५ पंप हवेत, सोमवारी पाठवा.’ विक्रेता संगणकावर सेल्स ऑर्डर नोंदवतो. गोदामातला एकही पंप जागचा हलत नाही, खात्यात रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. तरी त्याच क्षणी विकता येण्याजोगे पंप उरतात २५! दिलेल्या शब्दाचीही मोजदाद झाली, आणि या व्यवस्थेतलं हेच मला सर्वांत विलक्षण वाटतं.

आपल्याकडच्या असंख्य पेढ्यांत रुळलेलं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर हा व्यवहार टप्प्याटप्प्याने पाहतं. ऑर्डरमध्ये फक्त काय द्यायचं ते नोंदलं जातं. सोमवारी माल गाडीत चढून डिलिव्हरी नोट झाली की साठा ४० वरून २५ वर येतो. बिल केलं की सांगलीकराच्या नावे येणं दिसू लागतं. बिल त्या डिलिव्हरी नोटला जोडलेलं असलं, तर तेच १५ पंप दुसऱ्यांदा वजा होत नाहीत. शब्द, माल आणि पैसा आपापल्या वेळेला हलतात. सॉफ्टवेअर तिघांची गाठ सुटू देत नाही.

आता पुढचं पाहा. रोज सरासरी ४ पंप खपतात आणि कारखान्यातून माल यायला ७ दिवस लागतात. म्हणजे २८ पंप हवेतच. अडीनडीला १० जास्तीचे धरले तर ३८ ही मागवण्याची पातळी ठरते. सोमवारआधी गोदामात डोकावणाऱ्याला ४० पंप दिसतात. तो निश्चिंत राहील. सॉफ्टवेअर मात्र कबूल केलेले १५ वगळून २५ पाहतं आणि ऑर्डर नोंदल्याच दिवशी सांगतं, माल मागवा! कारखान्याकडे ३० पंपांची मागणी गेली, की पुढचा अंदाज ५५ वर जातो. अजून न आलेला मालही हिशेबात बसतो.

आणि शेवटचा एकच पंप उरला असताना साताऱ्याहून आणि मिरजेहून दोन विक्री प्रतिनिधींनी एकाच क्षणी बटण दाबलं तर? नीट बांधलेल्या प्रणालीत तो एकालाच मिळतो. डेटाबेस दोन व्यवहारांची सरमिसळ होऊ देत नाही आणि प्रत्येक व्यवहार अखंड मानतो: झाला तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. बदल करण्याआधी त्याची नोंद लिहून ठेवलेली असते, म्हणून मध्येच वीज गेली तरी अर्धवट काम मागे उरत नाही. या शास्त्राचा पाया भक्कम करणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एवढ्या सामर्थ्याला एकच पथ्य आहे: माल हलला की नोंद तिथल्या तिथे झाली पाहिजे. फुटलेला पंप, परत आलेला पंप, नमुना म्हणून दिलेला पंप, सगळं त्याच वेळी लिहिलं आणि अधूनमधून प्रत्यक्ष मोजणी केली, तर छोटा दुकानदारही गिऱ्हाइकाला छातीठोकपणे तारीख सांगू शकतो, आणि ती पाळूही शकतो.