ट्रॅक्टर मागे का उलटतो?

गळिताचा हंगाम सुरू झाला, की पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. शेतातून बाहेर पडताना भरलेली ट्रॉली चिखलात रुतते आणि चालकाने जोर लावताच ट्रॅक्टरची पुढची चाके हातभर वर उचलली जातात. बघ्यांना त्यात चालकाचे कसब दिसते. वास्तविक ती अपघाताची सुरुवात होय.

इंजिन मागचा आस फिरविते. चाके फिरली तर ट्रॅक्टर पुढे सरतो. ती अडकली, तर तेच बळ ट्रॅक्टरचे धूड आसाभोवती मागे फिरवू पाहते. रुतलेल्या चाकांना ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची युक्ती म्हणूनच घातक ठरते.

त्यात भर पडते ती ओढीच्या उंचीची. समजा, पुढच्या व मागच्या चाकांत १८० सेंटिमीटर अंतर असून ओढ १,००० किलोची आहे. जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवरील हुकाला भार जोडल्यास पुढच्या चाकांवरील २५० किलो भार कमी होतो. तोच ९० सेंटिमीटरवर बांधला, तर ५०० किलो! लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात असतो तो सहाशे किलोच्या आसपास. चढावर तर तोही घटतो.

हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये पेटंट घेतलेल्या जोडणीत नांगराचा वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो व पुढची चाके जमिनीवर दाबून धरतो. त्यामुळे तो सांधा भक्कम व सुरक्षित, असा समज होतो. परंतु तेथेच साखळी बांधली, तर रेटा जाऊन ओढ येते आणि परिणाम नेमका उलटा होतो. साखळी आसालाही बांधू नये. आसाखालील ड्रॉबारलाच जोडावी. पुढे लावलेली वजने उपयोगी खरी, पण चुकीच्या जागी बांधलेल्या साखळीचा दोष त्यांनी भरून निघत नाही.

गिअर खालचा ठेवावा, क्लच हळू सोडावा, हिसका देऊ नये. पुढची चाके उचलू लागताच क्लच दाबावा. ट्रॅक्टर पुरता उलटण्यास दीड सेकंद पुरतो. सावरण्याची संधी त्याच्याही निम्म्या वेळातच संपते. ट्रॉली तरीही हलली नाही, तर ऊस उतरवून ती हलकी करावी. मजुरी व वेळ जातो हे खरे. चालकांना बहुधा त्याचीच घाई असते. शिवाररस्त्याच्या तोंडाशी पडलेली चाकोरी हंगामापूर्वी मुरूम टाकून बुजविणे मात्र ग्रामपंचायतीच्या हाती आहे.