पेस्टो म्हणजे लोणचं नव्हे

दिवाळीनंतर गच्चीवरची बेझिलची रोपं फोफावली की ओळखीपाळखीत घरच्या पेस्टोच्या बरण्या फिरू लागतात. बरणीबरोबर एक वाक्यही येतं : “वर बोटभर तेल सोडलंय, महिनाभर बाहेर राहिला तरी काही होत नाही. आपल्या लोणच्यासारखंच!” यंदा हे वाक्य मी तीन घरांत ऐकलं. तिन्ही घरं सुगरणींची, आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

गैरसमज : तेलाचा थर दिला की पेस्टो बाहेर टिकतो.

वस्तुस्थिती : लोणचं तेलामुळे टिकत नाही. ते टिकतं भरपूर मिठामुळे आणि कैरीच्या किंवा लिंबाच्या आंबटपणामुळे. वरच्या तेलाचं काम एवढंच, की फोडींना हवा लागू नये आणि बुरशी धरू नये. पेस्टोत मीठ चवीपुरतं असतं आणि आंबट असं काहीच नसतं. ओली पानं, कच्चा लसूण, चीज आणि तेल. म्हणजे लोणच्याचं रक्षण करणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे नाहीत.

उलट इथे तेलच घात करतं. ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ नावाचा जीवाणू मातीत असतो. त्याचे बीजाणू पानांवर आणि लसणावर असू शकतात. पानं धुतल्याने ते सगळे जात नाहीत आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. हवेत ते निपचित पडून राहतात. पण हवा नाही, आंबटपणा नाही आणि ऊब आहे, अशी जागा मिळाली की वाढतात आणि विष तयार करतात. तेलाखाली झाकलेली, ओट्यावर ठेवलेली पेस्टोची बरणी म्हणजे नेमकी तीच जागा. विष तयार झालं तरी चव, वास, रंग बदलेलच असं नाही. त्यामुळे “वास घेऊन बघितला, चांगला आहे” याला काडीचाही अर्थ नाही.

हे विष नसांवर हल्ला करतं. एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, घास गिळवत नाही आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. आजार दुर्मीळ आहे, हे खरं. पण 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहात जेवलेल्या 36 जणांना तो झाला. कारण निघालं फ्रिजबाहेर ठेवलेला तेलातला चिरलेला लसूण. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यातही असाच प्रकार घडला. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विक्रीसाठीच्या तेलातल्या लसणात आम्ल घालणं बंधनकारक केलं.

यावर लगेच उत्तर येतं, “मग थोडं लिंबू पिळते.” चवीला जरूर पिळा. पण जीवाणू रोखायला सगळ्या मिश्रणाचा सामू 4.6 किंवा त्याहून कमी असावा लागतो, आणि तो अर्ध्या लिंबाच्या अंदाजाने साधत नाही. दुकानातल्या बरणीचा दाखलाही इथे चालत नाही. ती कारखान्यात आम्लता मोजून आणि उष्णता देऊन बंद केलेली असते. उघडल्यावर तीसुद्धा फ्रिजमध्येच ठेवायची.

खरं तर पेस्टोचं नातं आपल्या चटणीशी आहे. इटालियनमधलं ‘पेस्तारे’ म्हणजे कुटणं. इटलीतल्या जेनोव्हा शहरात तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने कुटतात. कोथिंबिरीची ओली चटणी आपण महिनाभर ओट्यावर ठेवतो का? मग त्याच जातीच्या पेस्टोला परदेशी नाव आहे म्हणून वेगळा न्याय कशाला?

करायचं ते सोपं आहे. लागेल तेवढाच करा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाका आणि चीज खाताना मिसळा. गोठवल्याने बीजाणू मरत नाहीत, पण वाढू शकत नाहीत. म्हणून वडी काढली की फ्रिजमध्येच विरघळवा किंवा थेट गरम पास्त्यात घाला.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

बेझिल म्हणजे तुळसच. कूळ एक, जाती वेगळ्या. तुळशीत लवंगेसारखा उग्रपणा असतो, त्यामुळे तिच्या पेस्टोला जेनोव्हाची चव येणार नाही. बेझिलचा खरा सख्खा आपल्याकडे आहे तो सब्जा : फालुद्यातलं बी याच जातीचं.

काळा पडला म्हणजे खराब झाला. कापलेलं सफरचंद ज्या कारणाने काळवंडतं, तेच इथे घडतं. पानं दहा-पंधरा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली तर रंग टिकतो. उलट, हिरवागार आहे म्हणून सुरक्षित आहे, असंही नाही.

चिलगोज्याशिवाय पेस्टो नाही. जेनोव्हाच्या पारंपरिक पाककृतीत चिलगोज्यासारखेच पाइनचे दाणे असतात. घरी अक्रोड किंवा काजू घातले तर बिघडत काहीच नाही.

बेझिलची जुडी फ्रिजमध्ये ताजी राहते. थंडीने पानं काळी पडतात. देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून बाहेरच ठेवा.

मंजिऱ्या आल्या की रोप बहरलं. पानं हवी असतील तर मंजिऱ्या दिसताच खुडा. फुलावर आलेलं रोप पानं कमी देतं.

या पाचांत चुकलात तर फार तर चव किंवा रंग बिघडेल. पहिल्या गैरसमजाची किंमत मात्र जिवाशी आहे. तुमच्या ओट्यावर तेलाखाली झाकलेली पेस्टोची बरणी या क्षणी असेल, तर ती चाखून पाहू नका. फेकून द्या. आणि ज्यांना तशीच दुसरी बरणी दिली असेल, त्यांना आजच फोन करा.