जहाजावरचं बिल: ऐकीव आणि खरं

‘एकदा तिकीट काढलं की पुढे खिशात हात घालायचा नाही,’ असं क्रूझबद्दल छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस संभाजीनगरच्या निराला बाजारात किंवा सिडकोत भेटतोच. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून निघू लागलं आणि देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघून दुसऱ्या दिवशी क्रूझवर चढणं संभाजीनगरकरांच्या आवाक्यात आलं. सिंगापूर, युरोपच्या क्रूझही आता इथल्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत असतात. माहिती मात्र अजून बरीचशी ऐकीवच आहे.

तिकिटात साधारणपणे केबिन, मुख्य उपाहारगृहांतलं जेवण, पोहण्याचा तलाव आणि बहुतेक कार्यक्रम येतात. मद्य, खास उपाहारगृहं, स्पा, कपडे धुलाई, जहाजाच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो, वायफाय आणि बंदरावर उतरून केलेली सहल यांचे पैसे बहुतेक जहाजांवर वेगळे पडतात. यात लपवाछपवी नाही, धंदाच तसा बेतलेला आहे. मोठ्या अमेरिकी क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नातला जवळपास एक तृतीयांश वाटा तिकिटाबाहेरच्या विक्रीतून येतो. तिकीट स्वस्त दिसतं त्याचं एक कारण हेच.

पाण्याबद्दलची धास्ती मात्र खास आपल्या गावची. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या शहरातला माणूस समुद्रात नळाचं पाणी पिण्याजोगं असेल यावर विश्वास कसा ठेवणार? तो केबिनमधली बाटली उघडतो आणि ती बिलात चढते. खरं तर मोठी जहाजं समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून किंवा दाबाने पडद्यातून गाळून गोडं करतात, निर्जंतुक करतात आणि मगच नळाला सोडतात. बुफेमध्येही साधं पाणी फुकट असतं. घरची बाटली नेऊन तिथे भरून घ्यावी.

‘फोनपे करू की!’ हा दुसरा भरवसा. जहाजावर दर खरेदीला पैसे द्यायचेच नसतात. चढतानाच तुमच्या नावाचं खातं उघडतं आणि हातात एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखा सगळा खर्च त्यावरच मांडला जातो. या खात्याला क्रेडिट कार्ड जोडावं लागतं किंवा रोख अनामत ठेवावी लागते. भर समुद्रात किनाऱ्यावरचं मोबाइल नेटवर्क पोचत नाही, त्यामुळे यूपीआयवर विसंबू नये. ओटीपी आला नाही म्हणजे पैसे कापले जाणार नाहीत, असंही समजू नये. परदेशी जहाजाला तुमच्या कार्डावर रक्कम टाकायला ओटीपी लागतोच असं नाही.

डेबिट कार्ड जोडणाऱ्यांची अडचण निराळी. जहाज कंपनी अंदाजाने काही रक्कम आधीच अडकवून ठेवते आणि खरं बिल वळतं झाल्यावरही ती सुटायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा घटते. डेबिट कार्डावर मात्र बचत खात्यातले आपलेच पैसे गोठतात आणि बंदरावर खरेदी करताना कार्ड नाकारलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करणं आणि मर्यादा ठरवणं हे काम घरीच उरकावं.

चलनाबद्दल तर मोठमोठे हिशेबी व्यापारीही चुकतात. मुंबई–गोवा फेरीत बिल रुपयांत होतं. पण अमेरिकी कंपनीचं जहाज सिंगापूरहून सुटलं तरी बिल बहुधा अमेरिकी डॉलरमध्येच बनतं, आणि एमएससी किंवा कोस्टा या कंपन्यांचं भूमध्य समुद्रातलं बिल युरोत. काही ठिकाणी पैसे देताना ‘रुपयांत वळते करू का?’ असं विचारतात आणि आपण आनंदाने हो म्हणतो. तो दर समोरच्याने स्वतःचा नफा धरून लावलेला असतो आणि वर काही भारतीय बँका अशा व्यवहारावर वेगळं शुल्कही घेतात. मूळ चलनात बिल होऊ दिलं, तर अनेक कार्डांवर साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के लागतात. ५०० डॉलरवर हे साधारण साडेवीस डॉलर होतात. हे थोडे नाहीत, पण निदान आधी कळतात.

टीसीएसची, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची, भीतीही वायफळ आहे. परदेशी पॅकेजवर सहल कंपनी टीसीएस घेते आणि तो प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळता होतो. परदेशात क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावर तो लावण्याचा बेत २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्याच वर्षी जूनअखेरीस पुढे ढकलला गेला.

आता टिप. ‘सेवा आवडली तर शेवटी देऊ’ हा आपला हॉटेलातला रिवाज अमेरिकी जहाजांवर चालत नाही. तिथे माणशी, दिवसाकाठी ठरलेली रक्कम आपोआप खात्यात चढते, आणि मुलंही माणसांतच मोजली जातात. १८ डॉलर धरले, तर चौघांच्या कुटुंबाचे सात रात्रींचे ५०४ डॉलर झाले! अनेक कंपन्यांत ही रक्कम आरक्षणावेळीच भरता येते. काही कंपन्या काउंटरवर सांगितल्यास ती कमीही करतात, काही करत नाहीत. पण खोली आवरणाऱ्या आणि ताटं उचलणाऱ्या माणसांच्या मिळकतीचा तो भाग असतो. हिशेब जुळत नाही म्हणून त्यावरच कात्री चालवणं मला तरी पटत नाही. पेयांच्या पावतीवर मात्र डोळे उघडे ठेवावेत. त्यात टिपचे बहुधा १८ टक्के आधीच धरलेले असतात आणि तरीही खाली टिपसाठी एक रिकामी ओळ छापलेली असते. ती रिकामी सोडण्यात काहीही गैर नाही.

मद्याचं दिवसभराचं पॅकेज घेताना एक नियम विचारून घ्यावा. काही कंपन्यांत एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या प्रत्येक प्रौढाला ते घ्यावंच लागतं. मुलांच्या कार्डावर खर्चाची मुभा ठेवायची की नाही, हेही पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून टाकावं.

काही जहाजांवर उपग्रहाद्वारे मोबाइल नेटवर्क असतं आणि फोन त्याला स्वतःहून जोडला जातो. ते परदेशी रोमिंगमध्ये मोजलं जातं, त्यामुळे घरचा अमर्याद डेटा तिथे कामाला येत नाही. हा भुर्दंड जहाजाच्या बिलात नव्हे, तर नंतर मोबाइल कंपनीच्या बिलात दिसतो. किनारा सुटला की फोन एअरप्लेन मोडवर टाकावा.

हिशेब उतरायच्या दिवशी सकाळी करायचा, हा समज सगळ्यांत महागात पडतो. त्या सकाळी काउंटरवर लांबच लांब रांग असते आणि तक्रार ऐकून घ्यायलाही कुणी मोकळं नसतं. रोजचा हिशेब बहुतेक जहाजांवर केबिनमधल्या टीव्हीवर किंवा ॲपवर दिसतो. न घेतलेली वस्तू चढली असेल, तर त्याच संध्याकाळी सांगावं. कार्ड जोडलेल्यांना शेवटी रांगेत उभं राहायची गरजच नसते, बिल आपोआप वळतं होतं. रोख अनामत ठेवणाऱ्यांनी मात्र उरलेले पैसे आदल्या संध्याकाळीच मागून घ्यावेत. आरक्षणासोबत भेट मिळालेलं खर्चाचं क्रेडिट बहुधा रोखीत परत मिळत नाही. ते उरलं तर बुडालं.

अंतिम बिलाची प्रत ठेवून घ्यावी, कारण एखादी राहिलेली रक्कम उतरल्यानंतरही चढू शकते. कार्डाच्या विवरणाशी ही प्रत ताडून पाहावी आणि फरक असेल तर जहाज कंपनी आणि बँक दोघांनाही लिहावं. फक्त त्याआधी थोडे दिवस जाऊ द्यावेत. अडकवलेली रक्कम आणि खरं बिल काही काळ शेजारीशेजारी दिसत राहतात, आणि ‘दोनदा पैसे कापले’ ही तक्रार बऱ्याचदा त्याच दिवसांतली असते.